उपाशी ओळ

"मगर मॅडम, ही पाटी इकडं कशी?" पाटणेसाहेबांनी विचारलं.

"इकडचीच आहे ती, साहेब."

"नीट बघा."

मी नीट बघितलं. गेले सात आठवडे मी रोज नीटच बघत होते. लाल पाटीवर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, 'पावडर न दिलेली'. तिच्यामागे टोमॅटोची आठ झाडं माझ्या खांद्याला लागत होती, काळपट हिरवी, घोसांनी वाकलेली. त्यांच्यापुढच्या ओळीत हिरवी पाटी होती, 'एकपोष दिलेली'. तिथली आठ झाडं जेमतेम कंबरेपर्यंत येत होती आणि त्यांच्याकडे बघून कुणालाही तब्येत विचारावीशी वाटली असती.

"म्हणजे ज्यांना आपण खायला घातलं ती आजारी," साहेब म्हणाले, "आणि ज्यांना उपाशी ठेवलं ती अशी माजलीत?"

"हो."

"आजारी आहेत ती अकरापर्यंत मरतील का?"

"नाही, साहेब."

"मेली असती तर बरं झालं असतं. रोग आला म्हणून सांगता आलं असतं."

अकरा वाजता विद्यापीठातून डॉक्टर केळुसकर आमच्या पावडरीला प्रमाणपत्र द्यायला यायचे होते. आमची कंपनी म्हणजे कराडच्या पलीकडे पत्र्याची एक लांब शेड, पावडर कालवायचं एक यंत्र, पाटणेसाहेब, आणि मागे हिरव्या जाळीचा मांडव. पावडरीचं नाव एकपोष. झाडाला लागणारं सगळं एका डब्यात, आणि साहेबांचा सगळा जीव एका वाक्यात: माध्यम कुठलंही असो, चमचा एकच. मातीत लावा, कोकोपीटमध्ये म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात लावा, वाळूत लावा, नाहीतर सरळ बादलीतल्या पाण्यात मुळं सोडा. दर सोमवारी झाडामागे एक सपाट चमचा, की झालं. हे वाक्य डब्यावर छापूनही आलं होतं. आता ते खरं आहे असं कुणीतरी म्हणायचं तेवढं राहिलं होतं.

त्यासाठी ही चाचणी मी मांडली होती. दोन ओळी, प्रत्येक ओळीत आठ झाडं: दोन मातीत, दोन कोकोपीटमध्ये, दोन वाळूत, दोन बादल्यांत. पुढच्या ओळीला दर सोमवारी मी स्वतः चमचा पट्टीने सपाट करून पावडर द्यायची. मागच्या ओळीला फक्त विहिरीचं पाणी. आता विहिरीच्या नुसत्या पाण्यावर बादलीतला टोमॅटो सात आठवडे असा फुलत नाही, हे एमएस्सी झालेल्या बाईला कळायला हवं होतं. मला ते कळत होतं. म्हणून मी विहिरीचं पाणी दोनदा तपासायला पाठवलं. दोन्ही वेळा ते पाणीच निघालं. मग मी गप्प बसले.

गप्प बसले याला कारण होतं. नोकरी कायम झाली नाही तर दसऱ्याला सामान घेऊन घरी यायचं, असं बाबांनी बजावलं होतं. फलटणचं स्थळ थांबलं होतं. मुलाच्या दोन वीटभट्ट्या होत्या आणि वीट या विषयाशिवाय तो कशावर बोलल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. दसरा चार दिवसांवर आला होता. मला कायम केल्याचं पत्र टाइप होऊन, सही होऊन, साहेबांच्या शर्टाच्या खिशात होतं. आजची चाचणी पार पडली की ते माझ्या हातात येणार होतं. साहेब बोलताना मधूनमधून त्या खिशावर हात ठेवत.

आताही त्यांनी हात ठेवला. "पाट्या बदला," ते म्हणाले.

"साहेब..."

"हिरवी मागे, लाल पुढे. दोन मिनिटांचं काम. मी जेवणाचं बघून येतो."

साहेब गेले. मी हिरवी पाटी उपटली. लाल पाटी खोल गेली होती, म्हणून महिपत तात्यांना हाक मारली.

तात्या आमच्याकडे झाडांना पाणी घालायला होते. त्याआधी चाळीस वर्षं त्यांनी पंचक्रोशीतल्या लग्नाकार्यांत पंगती वाढल्या होत्या. माणूस पानावर बसला की तो किती पोळ्या खाणार हे त्यांना कळतं, अशी त्यांची ख्याती होती. पुढे त्यांचे गुडघे गेले आणि गावात बुफे आला, दोन्ही एकाच वर्षी, आणि तात्या आमच्या मांडवात आले.

"पाट्या बदलायच्या?" त्यांनी विचारलं. "बरं झालं. आता खरं हुईल."

"काय खरं होईल?"

"हिरव्या पाटीवर 'दिलेली' असंच ल्हिवलंय न्हवं? मागच्यास्नी दिल्यालीच हाय."

"कुणी दिली?"

"म्या," तात्या म्हणाले आणि लाल पाटी उपटून माती झटकू लागले.

मला खाली बसावं लागलं. बसायला जवळ रिकामी बादली होती.

"कधीपासून, तात्या?"

"पयल्या दिसापास्नं."

"पण का?"

"का काय, बाई? एका मांडवात दोन वळी बशिवल्या. एकीला वाढायचं आन दुसरीला नुसतं पानी दावायचं, ही कंची रीत? असला पंक्तिप्रपंच म्या जल्मात केला न्हाई. आता म्हातारपनी करू?"

"अहो, त्यांना उपाशीच ठेवायचं होतं. चाचणी होती ती."

"मग मांडवात कशापायी बशिवलं? उपाशी ठिवायचं तर भाईर ठिवायचं. समोरचं जेवताना बघत बसायचं म्हंजे..." त्यांना ते बोलणंही जड जात होतं.

पावडर त्यांनी उंदराने फोडलेल्या पोत्यातून घेतली होती. ते पोतं मीच टाकून द्यायला सांगितलं होतं. आता माझ्या डोळ्यांसमोर सात आठवडे उभे राहिले, आणि त्यात एक गोष्ट बसेना. मागच्या ओळीलाही पावडर आणि पुढच्या ओळीलाही तीच पावडर, तर पुढची ओळ अशी का?

"तुम्ही किती देत होतात, तात्या? चमचाभर?"

"चमचा कशाला? ज्येचं त्येला." ते ओळीच्या एका टोकाला जाऊन उभे राहिले आणि पाहुण्यांची ओळख करून द्यावी तसे सांगू लागले. "ही माती. ही घरचं खाऊन आल्याली असती, तिच्या पोटात हाय. हिला पंधरवड्यातनं अर्धा चमचा, तोंड गोड करन्यापुरता. ही वाळू. हिच्या अंगी काय ठरत न्हाई, वाढलं की खाली. हिला चिमूटच, पन रोज. ह्ये तुमचं कोकोपीट म्हंजे नवा जावई. पयलं वाढल्यालं समदं सोताकडंच दाबून धरतं, झाडाला काय पोचू देत न्हाई. त्येचं मन भरंस्तवर सढळ वाढायचं, मग बेतानं. आन ही बादलीतली आजारी मानसं. ह्यास्नी पेज. बादलीभर पान्यात कणभर, आन आठ दिसांनी शिळं वतून ताजं."

मी चार पुस्तकांतून जे शिकले होते आणि साहेबांच्या एका वाक्यापायी विसरले होते, ते सगळं त्यात आलं होतं.

"मग पुढच्या ओळीकडे का नाही बघितलंत? ती डोळ्यांदेखत वाळत होती."

"ती वळ तुमची," तात्या म्हणाले. "दुसऱ्या वाढप्याच्या वळीत हात घालत न्हाईत."

"दिसत तर होतं ना तुम्हाला?"

"दिसत हुतं की. लई वाईट वाटायचं." ते जरा घुटमळले. "इचारलं असतंत तर सांगितलं असतं."

"काय सांगितलं असतं?"

"बाई, तुमी चमच्याकडं बघून वाढता. म्होरं कोन बसलंय त्ये बघतच न्हाई."

मला ते फार लागलं. दोन वर्षं त्या मांडवात माझ्याइतकं कुणी राबलं नव्हतं. रागाच्या भरात मी उठले, हिरवी पाटी मागच्या ओळीपुढे ठोकली, लाल पुढच्या ओळीपुढे ठोकली आणि तात्यांना म्हटलं, "आता तुम्ही तोंड उघडायचं नाही. पाहुणे जाईपर्यंत एक अक्षर नाही." खरं सांगायचं तर त्या घडीला मला झाडांची पडली नव्हती, तात्यांची नाही आणि खऱ्याखोट्याचीही नाही. मला पत्र हवं होतं.

"बरं," तात्या म्हणाले.

डॉक्टर केळुसकर अकराला दहा मिनिटं असतानाच आले. किडकिडीत, पांढऱ्या शर्टाचे, कमी बोलणारे. हिरव्या पाटीची ओळ त्यांनी चालता चालता बघितली, "छान" म्हणाले, आणि साहेबांनी खिशावर हात ठेवला. मग ते लाल पाटीच्या ओळीपुढे वाकले आणि वाकलेलेच राहिले.

"या मातीवर पांढरं काय साचलंय?"

"उपासमार," साहेब म्हणाले.

डॉक्टरांनी नखाने थोडं खरवडून जिभेवर ठेवलं. "खारट आहे. पानांच्या कडाही करपल्यात. हे क्षार जास्त झाल्याचं लक्षण आहे. यांना तर काहीच दिलेलं नाही ना? मग क्षार आले कुठून?"

"आमच्या विहिरीचं पाणी खारट आहे," साहेब म्हणाले.

"दोन्ही ओळींना हेच पाणी?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "हो," मी म्हटलं.

डॉक्टरांनी तात्यांकडून विहिरीचं तांब्याभर पाणी मागवलं आणि उभ्याउभ्या प्यायले. "गोड आहे," ते म्हणाले.

"आत्ता गोड लागतंय. सकाळी खारट असतं."

"झाडांना पाणी सकाळी घालता?"

"संध्याकाळी," साहेब चटकन म्हणाले, आणि मग आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं. "तसं नाही, डॉक्टर. हा झाडांचा घाम आहे. माणसाला कसा उपाशीपोटी दरदरून घाम फुटतो? तो वाळला की मीठ राहतं."

डॉक्टरांनी खिशातून छोटी वही काढली आणि एकच शब्द लिहिला. मी बाजूलाच होते म्हणून मला दिसला. 'घाम' असं लिहून त्यांनी खाली रेघ मारली होती. मग वही आणि पिशवी त्यांनी ड्रायव्हरकडे जीपमध्ये ठेवायला दिली.

"आधी जेवून घेऊ," साहेब म्हणाले.

पानं मांडवातच मांडली होती, दोन ओळींच्या मध्ये. साहेबांनी तीन पानं सांगितली होती; तात्यांनी चार मांडली.

"ड्रायव्हरचं नंतर, बाहेर," साहेब हळूच म्हणाले.

तात्यांना तोंड उघडायची बंदी होती. त्यांनी चौथ्या पानावर मीठ वाढलं आणि ड्रायव्हरला हाताला धरून आणून बसवलं.

बेत श्रीखंड-पुरीचा होता. तात्यांनी ड्रायव्हरच्या पानावर एकदम सहा पुऱ्या घातल्या, साहेबांना तीन, मला दोन. डॉक्टरांच्या पानावर त्यांनी मऊ भात आणि दही वाढलं आणि पुढे गेले.

"तात्या, अहो, पाहुण्यांना श्रीखंड वाढा," साहेब म्हणाले. "भजी वाढा."

तात्या माझ्याकडे बघत उभे राहिले. मी मान हलवली, म्हणजे बोला.

"वाढतो की. त्यांनी मागितल्यावर."

डॉक्टरांनी वर बघितलं. "मला पित्ताचा त्रास आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कोनी न्हाई. मगाशी पानी प्यालासा आन हात छातीवर गेला."

डॉक्टर भात कालवता कालवता थांबले. त्यांनी आपल्या पानाकडे बघितलं, ड्रायव्हरच्या पानाकडे बघितलं. ड्रायव्हर सहावी पुरी संपवत होता, आणि सातवी त्याला नको होती हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"सगळ्यांना सारखं नाही वाढत तुम्ही?"

"सारखं वाढून कसं भागंल? समद्यांस्नी वाढायचं. पन ज्येचं त्येला."

डॉक्टरांनी मान वळवून दोन्ही ओळी पुन्हा बघितल्या, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, अगदी सावकाश. "इथली झाडं कोण बघतं?"

"आमच्या मगर मॅडम," साहेब घाईने म्हणाले. त्यांनी खिशातून पत्र काढलं, उलगडलं आणि माझ्या पानाशेजारी ठेवलं. "सात आठवडे एकटीने बघितलंय सगळं. तुमच्या साक्षीने आज त्यांना कायम करतोय."

वैजयंता भगवान मगर. टाइप केलेलं माझं नाव असं मी पहिल्यांदाच बघत होते. खाली सही होती, शिक्का होता. उजव्या हाताला श्रीखंड लागलं होतं म्हणून मी डावा हात पुढे केला. तात्या पाण्याचा तांब्या घेऊन माझ्यासमोर उभे होते. माझं भांडं भरलेलं होतं, तरी ते पुढे सरकेनात. त्यांच्या डोळ्यांत रागबिग काही नव्हता. माझ्या ओळीकडे सात आठवडे ते जसे बघत आले असतील तसेच ते माझ्याकडे बघत होते, आणि ते मला सोसवेना.

"पाट्या उलट्या आहेत," मी म्हटलं.

साहेबांना ठसका लागला. मी थांबले नाही. पुढची ओळ माझ्या चमच्याची, मागची ओळ तात्यांच्या हाताची, पोतं, उंदीर, सगळं सांगून टाकलं. पाट्या मी बदलल्या, हेही सांगितलं.

"मग उपाशी ओळ कुठली?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाहीये. उपाशी कुणीच नाही."

डॉक्टरांनी भाताचा घास गिळला. "मग ही चाचणी नाही. जेवणावळ आहे."

"मग जेवणावळीचं प्रमाणपत्र द्या," साहेब म्हणाले. त्यांना नक्की काय म्हणायचं होतं हे मला आजतागायत कळलेलं नाही. बहुधा त्यांनाही कळलं नसावं.

डॉक्टर हात धुऊन परत पानाशी आले. "आजोबा, कुणाला किती वाढलंत ते सांगा बघू. पहिल्यापासून." वही जीपमध्ये होती. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, माझ्या पानाशेजारचा कागद उचलला, उलटा केला आणि लिहू लागले. तात्या सांगत गेले: माती, वाळू, जावई, पेज. डॉक्टर मध्येच विचारत, "जावई म्हणजे किती ग्रॅम?" आणि तात्या हाताचा पंजा उघडून दाखवत. कागद भरला. डॉक्टरांनी त्याची घडी घातली आणि खिशात ठेवली.

"डॉक्टर, ते पत्र..." साहेब म्हणाले.

"ही आता नोंद आहे," डॉक्टर म्हणाले. "चाचणी पुन्हा मांडा. तीन ओळी. एक तुमच्या चमच्याची, एक यांच्या हाताची आणि एक खरोखर उपाशी."

"उपाशी वळ मांडवात बसायची न्हाई," तात्या म्हणाले.

डॉक्टरांनी क्षणभर विचार केला. "ठीक आहे. ती शेडच्या पलीकडे ठेवा. इकडचं दिसणार नाही अशी."

डॉक्टर गेले, आणि त्यांच्याबरोबर माझं पत्रही जीपमध्ये बसून गेलं. दुसरं पत्र पुढची चाचणी झाल्यावर टाइप करू, असं साहेब म्हणाले. ते कधीच टाइप झालं नाही. त्या कंपनीत मी अकरा वर्षं तात्पुरतीच होते. डब्यावरचं वाक्य मात्र वर्षभरात गेलं आणि तिथे चार माध्यमांची चार मापं आली. बाबांना मी त्या संध्याकाळी फोन करून खरं तेच सांगितलं, की पत्र मिळालं होतं पण पाहुणे जेवून झाल्यावर घेऊन गेले, आणि मी घरी येत नाहीये. पोरीच्या डोक्यावर परिणाम झालाय असं त्यांनी हळूच फलटणला कळवलं. स्थळ आपोआप मोडलं.

पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी जीप दिसेनाशी झाली, साहेब शेडमध्ये जाऊन दार लावून बसले, आणि मांडवात मी आणि तात्या उरलो. मी रडत होते. तात्यांनी चार पानं उचलली, जागा पुसली, एक पान आणून मांडलं आणि गुडघ्यांवर हात ठेवत त्याच्यापुढे बसले. वाढपी शेवटी जेवतो.

"वाढा," ते म्हणाले.

मी डोळे पुसले, श्रीखंडाचा चमचा उचलला. "किती वाढू?"

तात्या पानाकडे बघत बसून राहिले.

तेव्हा मी समोर कोण बसलंय ते बघितलं. दोन वर्षं रोज भेटणाऱ्या माणसाचे पुढचे दात नाहीत, हे मला तेव्हा दिसलं. उजवा हात कापत होता. उन्हात सकाळपासून उभं राहून ओठ सुकले होते, आणि तरी डोळे दोनदा श्रीखंडाच्या पातेल्याकडे जाऊन आले होते. मी पुऱ्या बाजूला ठेवल्या. भात बोटांनी मोडून मऊ केला, वरण घट्टसर घेतलं म्हणजे कापऱ्या हातातून ओघळायला नको. पाण्याचं भांडं डावीकडे ठेवलं. मग चमचा खाली ठेवला आणि पातेलंच कलतं केलं.

ते सावकाश जेवले. आणखी म्हणाले नाहीत, पुरे म्हणाले नाहीत. शेवटी बोटाने पान पुसून घेतलं. पानावर मिठाच्या चिमटीशिवाय काही उरलं नव्हतं.

उठताना त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला आणि पुढच्या ओळीकडे हात केला. "आता त्यास्नी बगा," ते म्हणाले. "सकाळधरनं कोनी इचारलं न्हाई."

मी जाऊन पहिल्या कुंडीपुढे बसले. मातीवरचा पांढरा थर बोटाने खरवडला, करपलेलं पान उलटं करून बघितलं, आणि विहिरीचं गोड पाणी आणायला झारी घेऊन उठले. चमचा तिथेच पातेल्याशेजारी पडला होता.